डावा हात

शनिवार, रात्रीचे साडेदहा. कूलरमध्ये आत्ताच दोन बादल्या ओतल्या, तरी वारा गरमच येतोय.

सकाळी मैदानावर एका पोट्ट्यावर ओरडलो. बारा वर्षांचा असेल, उन्हाळी हॉकी शिबिराचा तिसरा आठवडा. रिव्हर्सला, म्हणजे स्टिक उलटी करून घेताना दर वेळी चेंडू त्याच्या स्टिकवरून सुटत होता. "अरे असं, असं!" करत चार वेळा करून दाखवलं. पाचव्यांदा तो म्हणतो, "सर, तुम्ही लय फास्ट करून राहिले. दिसूनच नाही राहिलं."

मी त्याला मैदानाला चक्कर मारायला पिटाळलं. सात वाजताच ऊन चटकत होतं, आणि चूक त्याची काहीच नव्हती. तीस-बत्तीस वर्षं स्टिक हातात आहे, पण स्टिक उलटवताना हातांचं नेमकं काय होतं ते मला सांगताच येईना. नंतर तर्री पोहे खातानाही तेच डोक्यात. तर्री नेहमीपेक्षा तिखट लागली.

संध्याकाळी माँट्रियलहून भाच्याचा फोन. तिकडे गेल्यापासून त्याला आइस हॉकीचं वेड लागलंय, आणि "मामा, हॉकीच आहे ना ती पण" म्हणून मलाही ओढतो. बाहेर ४५ डिग्री आणि मी मोबाइलवर बर्फात घसरणारी माणसं बघत बसतो, ही हसते. सकाळचं त्याला सांगितलं, तर म्हणाला, "आमच्या कोचचं वाचा." म्हणजे माँट्रियलच्या आइस हॉकी संघाचा कोच, मार्टिन सँ लुई. जेवण झाल्यावर तेच वाचत बसलो होतो.

गडी जेमतेम पाच फूट आठ इंच. ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे पोरं निवडतात तेव्हा, त्याला कुणीच घेतलं नाही. नंतर कॅलगरीच्या संघाने घेतलं आणि २००० साली सोडून दिलं. मग टँपा बे. तिथे २००३-०४ मध्ये एनएचएल या तिकडच्या लीगमध्ये सगळ्यांत जास्त ९४ गुण (गोल आणि गोलसाठी दिलेले पास मिळून) आणि सर्वोत्तम खेळाडूचा मान. अंतिम मालिका पडली ती कॅलगरीशीच! सहावा सामना त्यांच्याच घरी, दुसऱ्या जादा वेळेच्या ३३व्या सेकंदाला याचा गोल. सातवाही जिंकून स्टॅनली कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, टँपाला. ज्यांनी काढलं त्यांच्याच अंगणात असा हिशेब चुकता करायला मिळणं सगळ्यांच्या नशिबी नसतं. मला नाही मिळालं. माझा गुडघा एकतिसाव्या वर्षी गेला, खात्याच्या संघातून नाव गेलं, विषय संपला.

पण मला अडकवलं ते पुढच्या गोष्टीने. २०१५ मध्ये निवृत्त झाल्यावर हा बाबा घरी कनेक्टिकटला स्वतःच्या मुलांच्या संघांना शिकवत होता. लहान पोट्टे. २०२२च्या फेब्रुवारीत माँट्रियलने त्याला थेट मुख्य कोच केलं. आदल्या वर्षी अंतिम फेरी खेळलेला संघ तेव्हा पार तळाला गेला होता. व्यावसायिक संघाचा मुख्य कोच म्हणून याचा अनुभव शून्य. कोल कॉफिल्ड नावाचा एक पोरगा तिथे होता, तोही असाच बुटका. त्या मोसमात तोवर ३० सामन्यांत त्याचा एक गोल. सँ लुई आल्यावर ३७ सामन्यांत २२. पोरगा तोच, स्टिक तीच. हे आकडे मी भाच्याकडून दोनदा खात्री करून घेतले.

बर्फावर कोच करतो तरी काय म्हणा. बाकामागे सूट घालून उभा. खेळाडू पाऊण मिनिटाला बदलतात, तेही खेळ चालू असतानाच. खेळ थांबला की कुणाला उतरवायचं ते आधी पाहुण्या संघाने ठरवायचं, घरच्या कोचने त्यांचे गडी बघून मग आपले उतरवायचे. टाइमआउट अख्ख्या सामन्यात एक, तोही ३० सेकंदांचा. म्हणजे जे काय सांगायचं ते आधीच सांगून झालेलं असायला पाहिजे. बाकावरून "अरे असं, असं!" ओरडून तिथेही काही होत नसणार.

आइस हॉकीतला वेन ग्रेट्झ्की, ८९४ गोलवाला. त्याचा विक्रम मोडायला २०२५ उजाडलं. तोही कोच झाला होता, फिनिक्सचा, २००५ ते २००९. चार मोसमांत संघ एकदाही प्लेऑफला गेला नाही. हे वाचून मला जरा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. ज्याला सगळं आपसूक येतं त्याला ते सांगता येत नसावं, असा सिद्धांतही मनात मांडून झाला. तेवढ्यात भाच्याने टो ब्लेकचं नाव पाठवलं. माँट्रियलचाच कप्तान, १९४८ मध्ये पाय मोडून खेळ संपला, मग तिथेच कोच होऊन १३ मोसमांत ८ कप. झाला सिद्धांत पंक्चर.

मग उठलो. दाराआडची जुनी स्टिक काढली, हॉलमधला टीपॉय सरकवला आणि नातीचा प्लास्टिकचा चेंडू घेतला. अगदी सावकाश. एकदा, दोनदा, दहादा. फिरतो तो वरचा डावा हात. तोच स्टिक उलटी करतो, कुलपात किल्ली फिरवावी तशी. उजवा नुसता नळीसारखा सैल, त्याच्यातून दांडा गरगरतो. त्या पोट्ट्याने उजवा आवळून धरला होता, आता आठवलं. त्याच्या बोटांची पेरं पांढरी पडली होती. मी बघितलीही होती, आणि तरी "असं, असं" करत राहिलो.

आतून ही म्हणाली, "खालचे उठून येतील आता वर."

उद्या सुट्टी. सोमवारी पंधराही जणांचा उजवा हात पाठीमागे ठेवायचा आणि दहा मिनिटं नुसता डावा. त्या पोट्ट्याला पहिल्यांदा बोलवीन. चकरेचंही बोलावं लागेल त्याच्याशी, कसं ते अजून ठरलं नाही.