जुन्या फ्लॅटची ओल आणि नव्याचा जीएसटी

आठ वर्षं कोथरूडला भाड्याने काढली. 2023 च्या उन्हाळ्यात ठरलं, आता स्वतःचं. मी नव्याच्या बाजूचा, बायको जुन्याच्या.

रावेतला बांधकाम चालू असलेली स्कीम पाहिली, 85 लाख. सॅम्पल फ्लॅट झकास. महारेराच्या, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, साइटवर नोंदणी क्रमांक टाकला, तर ताब्याची तारीख एकदा पुढे ढकललेली. सेल्सचा पोरगा मात्र "पुढच्या दिवाळीत चावी, सर" यावर ठाम. 5 टक्के जीएसटी म्हणजे सव्वाचार लाख, शिवाय ताबा मिळेपर्यंत भाडंही भरा आणि हप्ताही. मी गप्प बसलो.

जुना फ्लॅट कर्वेनगरचा. 1994 ची इमारत, दुसरा मजला, लिफ्ट नाही, 78 लाख. बांधून झालेलं, राहतं घर, म्हणून जीएसटीचा प्रश्नच नाही. मुद्दाम जुलैत, धो धो पावसात पाहायला गेलो. आत शिरताच ताज्या रंगाचा वास. बेडरूममधलं कपाट सरकवायला सांगितलं, तर मालक म्हणाले, "जड आहे हो." सरकवलं. मागची भिंत हाताला गार लागली, नख लावलं तर पापुद्राच निघाला. त्या पापुद्र्यावर दोन लाख उतरले.

खरी दमछाक कागदांत झाली. सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, म्हणजे सभासदत्वाचा दाखला, मालकांच्या दिवंगत वडिलांच्या नावावर, मृत्युपत्र नाही. "आई नॉमिनी आहे, ती सही करेल, झालं," असं त्यांचं म्हणणं. आमच्या वकीलबाई म्हणाल्या, "नॉमिनी राखणदार असतो, मालक नव्हे." म्हणजे नागपूरच्या बहिणीचाही हिस्सा. तिचं हक्कसोडपत्र नोंदवून होईपर्यंत दोन महिने गेले आणि तिकडे बँकेच्या मंजुरीपत्राची मुदत संपत आली. भावाबहिणीत बोलणं नव्हतं, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

सोसायटीचा वेगळाच सूर. फ्लॅट नव्या मालकाच्या नावावर करताना सोसायटी घेते त्या ट्रान्सफर प्रीमियमला 25 हजारांची कमाल मर्यादा आहे, पण सेक्रेटरींना वर लाखभर 'इमारत निधी' हवा होता. मी शासनाच्या परिपत्रकाची प्रिंट पुढे ठेवली आणि म्हटलं, "देतो काका, फक्त पावतीवर तसं लिहा." निधीचा विषय पुन्हा निघाला नाही.

फ्लॅट एकट्या बायकोच्या नावावर घेतला. त्यामुळे मुद्रांक शुल्क 7 ऐवजी 6 टक्के, 76 हजार वाचले. तेवढेच, 1 टक्का टीडीएस (पैसे देतानाच कापायचा आयकर) म्हणून विकणाऱ्यांच्या पैशांतून कापून भरायचे होते. ते त्यांना समजावता समजावता मात्र माझा घसा बसला.

सामान लावून तिसरा दिवस. बेल वाजली. खालच्या मजल्यावरचे आजोबा, हातात मोबाइल, मोबाइलमध्ये त्यांच्या छताचा फोटो. "तुमच्या बाथरूममधून गळतंय. आधीच्यांना तीन वर्षं सांगतोय." सगळ्या भिंतींना हात लावून पाहिला होता. खाली जाऊन विचारायचं तेवढं राहिलं होतं.