किल्लीची नोकरी

माझ्या जुन्या गाडीची किल्ली इतकी झिजली होती की इंजिन चालू असताना ती उपसून खिशात टाकली तरी गाडी आपली चालूच. नवीन कोणी बसलं की मी हे मुद्दाम करून दाखवायचो. मग हळूहळू उलटं व्हायला लागलं. किल्ली आत घालायची, केसभर मागे घ्यायची, थोडी वर उचलायची, मग फिरवायची, आणि एवढी मनधरणी करून डॅशबोर्डचे दिवे लागले तर लागले. एकदा ऐन वळणावर सगळे दिवे गेले आणि इंजिन गप्प. किल्लीला अजून पाच-सहा किल्ल्यांचा झुपका लटकलेला होता, त्याचाही हातभार असणार. २०१४ मध्ये जनरल मोटर्सने लाखो गाड्या परत बोलावल्या त्या ह्याच कारणाने, झुपक्याच्या वजनाने नाहीतर धक्क्याने किल्ली मागे सरकायची, इंजिन बंद पडायचं आणि वर एअरबॅगही उघडायची नाही. ते आठवलं आणि ठरवलं, बास, आता किल्लीच नको. दोन टॉगल स्विच, एक पुश बटण, तीन-चार रिले, एका दुपारचं काम.

दुपारी स्टीअरिंगखालचं कव्हर उघडलं आणि संध्याकाळपर्यंत नुसता बघत बसलो.

मला वाटायचं किल्ली म्हणजे एक स्विच. तर तिच्या मागे जाड जाड पाच वायरी. टेस्ट लॅम्प लावून एकेक शोधली. एक थेट बॅटरीकडून आलेली, कायम जिवंत. एक रेडिओबिडिओची, एक इग्निशनची, एक ब्लोअर-वायपरची, आणि एक स्टार्टरकडे जाणारी. आता गंमत अशी की सेल्फ मारताना ही बाई गुपचूप रेडिओ आणि ब्लोअर तोडते, कारण स्टार्टर शंभर-दीडशे अँपिअर सहज खातो, त्या वेळी बाकीच्यांनी ताटात हात घालायचा नाही. पण इग्निशन मात्र चालूच ठेवते, नाहीतर इंजिन फिरेल पण पेटणार नाही. हात सोडला की स्वतःच एक पाऊल मागे येते. आणि इंजिन चालू असताना चुकून परत सेल्फ मारायला जाल तर बऱ्याच गाड्यांत ती अडते, आधी पूर्ण मागे या म्हणते. एवढं सगळं मनगटाच्या एका पिळात! इतकी वर्षं आपण फिरवतोय आणि तिला काय येतं ते माहितीच नाही.

मग तिची एकेक कामं वाटून द्यायला घेतली. रिले ही वस्तू मला फार आवडते, आगपेटीपेक्षा लहान डबा, खाली नंबर घातलेले पाच पाय. ८५ आणि ८६ मध्ये जेमतेम दीडशे मिलीअँपिअर सोडा, आतली कॉइल चुंबक होते आणि खटकन ३० आणि ८७ जोडले जातात, त्यातून तीस अँपिअर जाऊ दे. म्हणजे बोटाखालच्या स्विचला फक्त निरोप द्यायचा, ओझं दुसऱ्याने उचलायचं. उरलेला पाय ८७ए, तो आधीपासून जोडलेला असतो आणि कॉइलला करंट मिळाला की सुटतो. सेल्फ मारताना रेडिओ तोडायचं जे किल्लीचं गुपचूप काम होतं ना, ते ह्याला दिलं. बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज, कॉइलवर उलटा डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा), म्हणजे बंद होताना उसळणारा झटका तिथेच जिरतो. (अर्थात हे सगळं बिनचिपच्या जुन्या गाडीचं. चिपवाली किल्ली असेल तर नुसत्या वायरी जोडून काही होत नाही, कॉम्प्युटर किल्ली ओळखल्याशिवाय इंजिन पेटूच देत नाही.)

बटण दाबलं, गाडी पहिल्या झटक्यात सुरू. मी खूश. मग बंद करायला स्विच खाली केला तर बंदच होईना! दुसरा स्विच खाली, तरी चालूच. शेवटी चौथ्या गिअरला, ब्रेक दाबून, क्लच सोडून तिचा गळा आवळला. दोन दिवस डोकं खाल्लं तेव्हा सापडलं की अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारं जनित्र, फिरत असताना त्याचा करंट डॅशबोर्डवरच्या बॅटरीच्या दिव्यातून उलटा माझ्या रिलेपर्यंत येत होता. तेवढासा करंट, पण रिलेला ओढायला जेवढा लागतो त्यापेक्षा नुसतं धरून ठेवायला बराच कमी लागतो, सो तो धरून बसला. इंजिन फिरतंय म्हणून रिले जिवंत आणि रिले जिवंत म्हणून इंजिन फिरतंय. त्या वायरीत एक डायोड टाकला आणि मिटलं.

मित्र म्हणाला वा, एकदम मॉडर्न, पुश बटण स्टार्ट. मॉडर्न कसलं! चार्ल्स केटरिंग ह्या अमेरिकन इंजिनिअरचा इलेक्ट्रिक स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये आला, त्यानंतर कितीतरी वर्षं किल्लीने फक्त करंट चालू व्हायचा आणि सेल्फचं बटण नाहीतर पायातला खटका वेगळा असायचा. किल्ली फिरवून स्टार्ट ही टूम क्रायस्लरने १९४९ मध्ये आणली. मी पुढे नाही, मागे गेलो होतो.

आणि मागे गेल्याचं कळतंच. चालू गाडीत एकदा बटण दाबलं गेलं, जो काय दात खाल्ल्यासारखा आवाज आला, पोटात गोळा. मग इग्निशनचा स्विच चालू ठेवून तसाच उतरलो, सकाळी बॅटरी ठार. किल्ली असताना असं झालं नसतं, खिशात किल्ली आली म्हणजे गाडी बंद झाली हा हिशोब हातालाच पाठ होता. आता खिशात काहीच येत नाही. अजूनही उतरल्यावर दहा पावलांवरून मागे येऊन काचेतून स्विचकडे बघतो.

एक गोष्ट राहिलीच. स्टीअरिंग लॉक. किल्ली काढली की स्टीअरिंग अडकतं, त्याचं रिलेने काही होत नाही, तो लोखंडाचा खिळा आहे. त्यामुळे जिच्यापासून सुटका हवी म्हणून हा सगळा उद्योग केला ती किल्ली आता गाडी चालवताना लॉकमध्येच असते, एक टप्पा फिरवलेली, मागे एकही वायर नसलेली. परवा मेकॅनिकला गाडी बाजूला घ्यायची होती. बसला, किल्ली बघून फिरवली. काही नाही. परत फिरवली, थोडी वर उचलून, थोडी बाहेर काढून, अगदी माझ्यासारखीच मनधरणी. मग उतरून बॉनेट उघडलं आणि मला म्हणाला, "साहेब, बॅटरी गेली तुमची."