पश्मी पाळायचीय? आधी घर बघू

माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत पश्मी जातीची कुत्री बघून आल्यापासून आमच्या चुलतभावाला चैन नाही. "दादा, जानवळला ओळख आहे ना तुझी? एक पिल्लू बघ की." हा राहतो लातुरात, औसा रोडला, तिसऱ्या मजल्यावर. मी म्हटलं, पिल्लू नंतर, आधी तुझं घर बघू.

चाकूर तालुक्यातलं जानवळ म्हणजे पश्मी आणि कारवानचं गाव. कारवान गुळगुळीत अंगाची, पश्मीच्या कानाला, शेपटीला लांब केस. स्वभाव दोघींचा एकच. याच कुळीच्या, कर्नाटकातल्या मुधोळच्या कुत्र्यांना 2016 मध्ये सैन्यानं प्रशिक्षणासाठी मेरठला नेलं, तेव्हापासून या देशी शिकारी कुत्र्यांची हवा झालीय. बरं झालं. पण हवा बघून कुत्रं आणू नये.

आमच्या शेतावर हरणी नावाची अशीच एक कुत्री आहे. पाहुणा आला की ती भुंकत नाही, शेपूटही हलवत नाही. उठते, ट्रॉलीच्या पलीकडं जाऊन उभी राहते आणि तिथून बघत बसते. कुणी कौतुकानं डोक्याकडं हात नेला, की मान खाली घालून अलगद बाजूला सरकते. लोक म्हणतात, माजुरडी आहे. तसं काही नाही. रात्री वडिलांच्या बाजेखाली, त्यांच्या पायाशीच झोपते. तिची माणसं ठरलेली आहेत, आणि ती तीच ठरवते.

हाक मारली की कान वळतो. म्हणजे ऐकू आलेलं असतं. यायचं की नाही, हा तिचा प्रश्न. ही जात वासापेक्षा नजरेवर शिकार करणारी. लांब काही पळताना दिसलं, की मग आपण कितीही बोंबला. ससा असो, शेजाऱ्याचं करडू असो, नाहीतर रस्त्यापलीकडचं मांजर. (सशामागं मुद्दाम सोडणाऱ्या हौशी लोकांनी 1972 चा वन्यजीव कायदा एकदा वाचावा.) शिवाय डोकं मानेपेक्षा निमुळतं, त्यामुळं साधा पट्टा मागं ओढला की सुटतो. रुंद, ओढल्यावर आवळणारा पट्टा घ्यावा लागतो. अंगावर चरबी नाही, म्हणून फरशीवर झोपवली तर कोपरांना घट्टे पडतात. जाड गोधडी लागते. भुलीची काही औषधं या बांध्याच्या कुत्र्यांच्या अंगातून उशिरा उतरतात, ऑपरेशन करायचं झालं तर डॉक्टरांना आधीच आठवण करून द्यायची. आणि बरगड्या दिसणारच. "खायला घालत न्हाईत का ओ?" हे येणारा प्रत्येक जण विचारतो.

आता भावाचं घर. वहिनी घरीच शिकवण्या घेतात. लातूरच ते! सकाळी एक बॅच, संध्याकाळी दुसरी, जिन्यात चपलांचा ढीग, दार सताड उघडं. दर तासाला अनोळखी पोरं, त्यातलं निम्मं कुत्र्याला हात लावणारच. लॅब्रेडोर असता तर त्याची दिवाळी झाली असती. पश्मी मात्र दिवसभर पलंगाखाली कोंडून घेईल, नाहीतर एखाद्या दिवशी उघड्या दारातून थेट औसा रोडवर.

तिथं नकोच, असं मी स्पष्ट सांगितलं. काल त्याचा परत फोन. "मग काकांच्या शेतात ठेवली तर?" माणसं मोजकी, पळायला रान, हे पटण्यासारखं आहे. पण त्या विहिरीला कठडा नाही. म्हटलं, तो आधी बांधून घे, मग जानवळला जाऊ.