कंसातला शब्द

आंतरराष्ट्रीय कराराच्या मसुद्यात जे अजून सर्वांना मान्य नाही ते चौकटी कंसात ठेवतात. १ डिसेंबर २०२४ ला दक्षिण कोरियातल्या बुसानमध्ये प्लास्टिक प्रदूषणाविरुद्धच्या जागतिक कराराचा जो मसुदा वाटाघाटींच्या अध्यक्षांनी मांडला, त्यात सहाव्या कलमाचं, म्हणजे प्लास्टिक किती बनवायचं याबद्दलच्या कलमाचं, शीर्षकसुद्धा कंसात होतं. एका कंसात ‘पुरवठा’, दुसऱ्यात ‘शाश्वत उत्पादन’. आणि त्याखालचा पहिला पर्याय असा, की हे कलमच नको. नागरी संघटनांच्या बाजूनं निरीक्षक म्हणून मी या वाटाघाटींच्या दोन सत्रांना गेले. ती दोन्ही सत्रं माझ्यासाठी या एका कलमाभोवती गेली.

मी मुळात कचऱ्याच्या बाजूनं या कामात आले. वर्गीकरण, पुनर्वापर, जनजागृती, सगळं मनापासून केलं. पण आकडे समोर ठेवले की उत्तर जुळेना. १९५० मध्ये जगात सुमारे २० लाख टन प्लास्टिक तयार होत होतं, २०१९ मध्ये ४६ कोटी टन. ओईसीडी या, मुख्यतः विकसित देशांच्या, आर्थिक संघटनेच्या हिशेबानुसार त्या वर्षी निघालेल्या कचऱ्यापैकी पुनर्चक्रीकरण झालं फक्त ९ टक्क्यांचं. घरोघरी कितीही नीट वर्गीकरण केलं तरी ज्या वेगानं माल तयार होतो त्या वेगाला गाठता येत नाही. ‘शाश्वत उत्पादन आणि उपभोग’ हा जोडशब्द धोरणांत सर्रास येतो, पण त्यातला ‘उपभोग’ ग्राहकाच्या गळ्यात पडतो आणि ‘उत्पादन’ हळूच मागे राहतं. मला ते मागे राहिलेलं अर्धं पुढे आणायचं होतं.

वाटाघाटींच्या सभागृहापर्यंत पोचायला लागणारा वेळ मी धरलाच नव्हता. एकट्या व्यक्तीला निरीक्षक म्हणून जाता येत नाही. संयुक्त राष्ट्रांकडे मान्यता असलेल्या संस्थेनं तुमचं नाव कळवावं लागतं, नोंदणी मुदतीत व्हावी लागते, मग व्हिसा, मग बॅज. आमच्या गटाची स्वतःची मान्यता नव्हती. संस्थांच्या एका मान्यताप्राप्त जाळ्यानं आम्हाला दोन जागा दिल्या. हे सगळं मी तीन-चार महिने आधी सुरू केलं होतं आणि तरी कागद शेवटच्या आठवड्यात हातात आले. कुणाला जायचं असेल तर मान्यतेचं काम वर्षभर आधी सुरू करा.

त्या महिन्यांत मी एकच कागद पुन्हा पुन्हा वाचला: २ मार्च २०२२ ला नैरोबीत संयुक्त राष्ट्र पर्यावरण सभेनं मंजूर केलेला ठराव ५/१४. याच ठरावानं वाटाघाटी सुरू झाल्या. त्यात प्लास्टिकच्या ‘संपूर्ण जीवनचक्राचा’ उल्लेख आहे. आणि एक उपकलम असं, की ‘इतर गोष्टींसह’ वस्तूंची रचना आणि पर्यावरणपूरक कचरा व्यवस्थापन यांच्या मार्गानं प्लास्टिकच्या शाश्वत उत्पादनाला आणि उपभोगाला चालना द्यावी. पुढचा सगळा वाद या वाक्यात आधीच होता. तेल आणि पेट्रोरसायनांवर अर्थव्यवस्था उभी असलेले देश म्हणतात: पाहा, मार्ग ठरलेत, रचना आणि कचरा व्यवस्थापन, किती बनवायचं हा प्रश्न कुठेच नाही. आमचं म्हणणं: ‘इतर गोष्टींसह’ हे शब्द उगाच घातलेले नाहीत, आणि जीवनचक्र कारखान्यातून सुरू होतं, कचरापेटीतून नाही. त्या दोन शब्दांना मी किती वेळा अधोरेखित केलं असेल!

बुसानला मी चार पानांचं टिपण छापून नेलं होतं. आकडे, आलेख, तळटीपा. पहिल्याच दिवशी एका लहान बेटराष्ट्राच्या प्रतिनिधीनं ते उभ्या उभ्या चाळलं आणि शांतपणे विचारलं, “यातलं कोणतं वाक्य मी आत वाचू?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. निरीक्षकाला मजकूर सुचवता येतो, पण एखाद्या सदस्य देशानं तो उचलल्याशिवाय मसुद्यात त्याची नोंद होत नाही. त्यामुळे आपल्याला वाटतं ते महत्त्वाचं नसून दुसऱ्याच्या तोंडी बसेल असं वाक्य महत्त्वाचं. त्या रात्री आम्ही जाळ्यातल्या तिघांनी बसून चार पानांचं अर्धं पान केलं: कलमाचा क्रमांक, मूळ ओळ, सुचवलेली ओळ, आणि ठरावातला आधार. तो बदल माझ्यासाठी फार मोठा होता. पुढच्या दिवसांत ते अर्धं पान लोक स्वतःहून मागायला लागले.

लहान देशांची अडचण जवळून पाहिली तेव्हा आमच्या कामाचा खरा उपयोग कळला. मोठ्या देशांची मंडळं डझनावारी येतात. कुठल्याशा छोट्या देशाचे दोन किंवा तीन जण असतात, आणि संपर्क गट, म्हणजे एकेका विषयावर मजकूर ठरवणाऱ्या बैठका, एकाच वेळी चालतात. निधीच्या चर्चेला बसलं तर उत्पादनाची चर्चा हुकते. आम्ही ज्या बैठकांना बसू शकत होतो तिथल्या नोंदी घेऊन रात्री त्यांना देत होतो: कोणत्या देशानं कोणता शब्द कंसात टाकला, कुणी कुणाला पाठिंबा दिला. यात आपलं मत घालायचं नाही हे आम्ही कटाक्षानं पाळलं, कारण एकदा विश्वास गेला की परत मिळत नाही.

मग दारं बंद झाली. शेवटच्या दिवसांत खरी चर्चा ‘अनौपचारिक’ बैठकांमध्ये गेली, आणि तिथे निरीक्षकांना प्रवेश नव्हता. आम्ही मार्गिकेत जमिनीवर बसून राहायचो. दार उघडलं की बाहेर येणाऱ्याच्या चेहऱ्यावरून अंदाज. सेंटर फॉर इंटरनॅशनल एन्व्हायर्नमेंटल लॉ या संस्थेनं नोंदणीच्या याद्या तपासून काढलेला आकडा तेव्हा सगळ्यांच्या तोंडी होता: त्या सत्राला जीवाश्म इंधन आणि रसायन उद्योगाचे २२० प्रतिनिधी आले होते, काही तर सरकारी मंडळांतूनच. याचा मला आजही राग येतो. ज्यांच्या मालाचं प्रमाण ठरवायचं ते आत, आणि ज्यांच्या नदीत तो माल येतो ते बाहेर.

तरी त्या आठवड्यानं एक मोठी गोष्ट दिली. पनामानं मांडलेल्या प्रस्तावाला शंभरावर देशांचा पाठिंबा मिळाला. त्यात लगेच आकडा नव्हता. करारानंतरच्या सदस्य देशांच्या पहिल्या परिषदेत प्राथमिक प्लास्टिक पॉलिमरचं, म्हणजे नव्यानं बनणाऱ्या कच्च्या प्लास्टिकचं, उत्पादन शाश्वत पातळीवर आणण्याचं जागतिक उद्दिष्ट ठरवावं, इतकंच. काही सहकाऱ्यांना तो मवाळ वाटला. मला वाटला नाही. आकड्यावर अडून बसलो असतो तर कलमच गेलं असतं. या शब्दरचनेत प्रश्न करारात राहत होता. समारोपाच्या सत्रात रवांडाच्या प्रतिनिधीनं महत्त्वाकांक्षी कराराच्या बाजूनं असणाऱ्यांना उभं राहायला सांगितलं तेव्हा सभागृह उभं राहिलं आणि टाळ्या थांबेनात. मीही रडत टाळ्या वाजवत होते. करार झाला नव्हता, पण आपण मूठभर आहोत ही भावना त्या दिवशी गेली.

ऑगस्ट २०२५ मध्ये पुढचं सत्र, जिनिव्हाला. २२ पानांचा मसुदा काही दिवसांत ३५ पानांवर गेला आणि कंस कित्येक पटींनी वाढून दीड हजारांच्या घरात पोचले. निर्णय सर्वसंमतीनं घ्यायचा असल्यामुळे कंस वाढवणं हेच हत्यार होतं. १३ ऑगस्टला अध्यक्षांचा नवा मसुदा आला. मी दूरध्वनीच्या पडद्यावर उत्पादनाचं कलम शोधत वर-खाली करत राहिले. ते कलम नव्हतंच. कंसातही नव्हतं. शेजारी बसलेली सहकारी म्हणाली, “परत एकदा बघ.” परत बघितलं.

१४ च्या रात्री कुणी झोपलं नाही. मध्यरात्रीनंतर सुधारित मसुदा आला. त्यात कलम नव्हतं, पण प्लास्टिक उत्पादनाची आणि उपभोगाची सध्याची पातळी टिकाऊ नाही आणि ती कचरा हाताळण्याच्या क्षमतेपलीकडे गेली आहे, अशी कबुली होती. आम्ही ती ओळ एकमेकांना वाचून दाखवली. १५ च्या सकाळी सत्र कराराविना संपलं. आम्ही तयार केलेलं निवेदन वाचायची पाळी आलीच नाही. ते अजून माझ्या वहीत घडी करून आहे.

आमच्या जाळ्यातल्या एक ज्येष्ठ ताई तिथे होत्या. १९९२ च्या रिओतल्या वसुंधरा परिषदेत ठरलेल्या ‘अजेंडा २१’ या कृतिआराखड्याच्या चौथ्या प्रकरणापासून, म्हणजे उपभोगाच्या पद्धती बदलण्याच्या प्रकरणापासून, त्या हा विषय सांभाळत आल्या आहेत. निघताना बाकावर बसून त्यांनी मला मे २०११ सांगितलं. न्यूयॉर्कमध्ये शाश्वत विकास आयोगाच्या एकोणिसाव्या सत्रात शाश्वत उपभोग आणि उत्पादनाच्या दहा वर्षांच्या आराखड्याचा मजकूर जवळजवळ ठरला होता, पण बाकीच्या मुद्द्यांवर सत्र फिसकटलं आणि हाही मजकूर त्याबरोबर पडला. “तो मजकूर आम्ही टाकून दिला नाही,” त्या म्हणाल्या. वर्षभर देशादेशांशी बोलणं चालू ठेवलं, आणि जून २०१२ मध्ये रिओच्या दुसऱ्या परिषदेत तो आराखडा मंजूर झाला. पुढे २०१५ मध्ये शाश्वत विकासाच्या बाराव्या ध्येयाचं पहिलंच लक्ष्य म्हणून त्याचा उल्लेख आला, विकसित देशांनी पुढाकार घ्यावा या शब्दांसकट.

घरी आल्यावर मी पनामाच्या प्रस्तावाला पाठिंबा देणाऱ्या देशांची यादी काढून बसले. ज्यांच्याशी प्रत्यक्ष बोलणं झालं होतं त्यांच्यापुढे खूण केली आणि एकेकाला पत्र लिहायला घेतलं. सोबत तेच अर्धं पान जोडते आहे. आता त्याच्या आधाराच्या रकान्यात ठरावाखाली जिनिव्हाच्या मध्यरात्रीची ती ओळही आहे.