कॅम्प पाच दिवसांचा, तयारी एप्रिलपासून

इथे शाळा जूनअखेर बंद होते ती थेट सप्टेंबरात उघडते. मधल्या दोन महिन्यांत मुलांचं करायचं काय, या प्रश्नाला नोकरी करणाऱ्या आईबापांनी शोधलेलं उत्तर म्हणजे कॅम्प. पोहण्याचा, चित्रकलेचा, रोबोट बनवण्याचा, आणि आम्ही राहतो त्या कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, डोंगरात सायकल चालवण्याचासुद्धा. थंडीतच नावनोंदणी सुरू होते आणि चांगले आठवडे बघता बघता भरतात. यंदा लेकीने सायकलचा कॅम्प निवडला. वय वर्षं दहा, उत्साह भरपूर.

ही बातमी आजीला फोनवर कळली तेव्हा तिचा पहिला प्रश्न होता, "अगं, सायकल येते की तिला! पैसे भरून आता काय शिकवणार तिला?"

प्रश्न रास्त होता. सपाट रस्त्यावर सीटवर बसून आरामात पेडल मारणारं मूल डोंगराच्या वाटेवर पहिल्या दहा मिनिटांत गांगरतं. तिथे उतारावर बसायचंच नसतं. दोन्ही पेडल एका पातळीत ठेवून उभं राहायचं, गुडघे आणि कोपरं सैल वाकवलेली, नजर पुढच्या चाकावर न ठेवता दोन-तीन सायकलींच्या लांबीएवढ्या पुढच्या वाटेवर. एक पेडल खाली राहिलं तर ते दगडाला किंवा झाडाच्या मुळाला अडकतं आणि सायकल आडवी होते. हे सगळं कॅम्पमध्ये शिकवतातच. पण उभं राहायची ताकद पाच दिवसांत येत नाही. मांड्या पहिल्या दिवशीच भरून आल्या की पुढचे चार दिवस मूल नुसतं कुरकुरतं. म्हणून एप्रिलपासून आमच्याकडे एकच नियम आहे: बागेतल्या उतारावर सीटला टेकायचं नाही.

दुसरा सराव ब्रेकचा. इथे एक गंमत आहे, ती तिकडून नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला सांगायला हवी. उत्तर अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या सायकलींना डाव्या हाताचा ब्रेक पुढच्या चाकाचा असतो आणि उजव्या हाताचा मागच्या. आपल्याकडे, ब्रिटनमध्ये, वाहनं डाव्या बाजूने चालवणाऱ्या बहुतेक देशांत हे बरोबर उलटं. लेक इथेच सायकल शिकली, त्यामुळे तिचे हात इथल्या सवयीचे. तिच्या बाबाचे मात्र अजून तिकडचे. भाड्याच्या सायकलवर तो हमखास घोटाळा करतो, आणि म्हणून ब्रेक शिकवायचं काम माझ्याकडे आलं.

थांबवण्याची खरी ताकद पुढच्या ब्रेकमध्ये असते, कारण वेग कमी होताना सगळा भार पुढे सरकतो. मुलं त्याला घाबरतात आणि नुसता मागचा आवळतात. मग मागचं चाक जागच्या जागी अडकून घसरत जातं, माती उडते, मुलांना ते आवडतंही, पण सायकल थांबत नाही आणि वाटेची वाट लागते ती वेगळीच. मैदानात पाण्याची बाटली ठेवायची आणि तिच्याशेजारी दोन्ही ब्रेक हळूहळू दाबत, अंग मागे आणि खाली नेत, चाक न घसरवता थांबायचं, एवढाच खेळ. आणि वळणाचा ब्रेक वळणाच्या आधी, वळणात नाही. याच्या जोडीला हळू चालवण्याची शर्यत: पाय न टेकता जो सगळ्यांत शेवटी पोचेल तो जिंकला. तोल आणि ब्रेकवरचं बोट दोन्ही त्यात तयार होतं. बोट एकच, तर्जनी. बाकीची चार हँडल धरायला.

एका बोटाने ब्रेक लागायला तो बोटाच्या टप्प्यात तर हवा. लहान मुलांच्या कित्येक सायकलींवर लिव्हर मोठ्यांच्या पंजाच्या मापाने लावलेला असतो. त्यावर एक छोटा स्क्रू असतो. एलन कीने तो फिरवला की लिव्हर हँडलच्या जवळ येतो. दोन मिनिटांचं काम, पण मुलाच्या आत्मविश्वासात याच्याइतका फरक महागातल्या सायकलनेही पडत नाही, असं माझं ठाम मत झालं आहे.

सायकलींच्या बाबतीत दुकानदार पटकन दिशाभूल करतात, म्हणून थोडं सविस्तर सांगते. तीस किलोच्या मुलाला बारा किलोची सायकल म्हणजे वजनाच्या चाळीस टक्के. सत्तर किलोच्या माणसाला अठ्ठावीस किलोची सायकल देऊन डोंगर चढ म्हटल्यासारखं झालं. त्यामुळे मुलांच्या सायकलीत पुढचे भारी दिसणारे शॉक ॲब्सॉर्बर हे बरेचदा नुसतं ओझं असतं. स्वस्तातले तर इतके कडक असतात की मुलाच्या वजनाने ते दबतही नाहीत. हलकी सायकल, रुंद टायर, चांगले डिस्क ब्रेक, बस. "अजून दोन वर्षं चालेल" म्हणून मोठ्या मापाची घेण्याचा मोह आपल्या रक्तातच आहे. कपड्यांत तो चालतो, इथे नाही. सीटवरून पुढे उतरून उभं राहिल्यावर मधल्या दांडीत आणि मुलात मोकळी जागा राहिलीच पाहिजे. नाही तर उतारावर घाईने पाय टेकताना काय होईल ते सांगायला नको. लेकीला चोवीस इंची चाकांची सायकल बरोबर बसली, तीही वापरलेली. मुलं सायकलपेक्षा भराभर वाढतात, त्यामुळे इथे जुन्या सायकलींचा व्यवहार जोरात असतो.

टायरमधली हवा हा आणखी एक चकवा. टायरवर छापलेला मोठा आकडा ही बहुधा कमाल मर्यादा असते, तेवढी भरायची नसते. हलक्या मुलाच्या रुंद टायरला वीस पीएसआयच्या आसपास हवा पुरते. टायर जरा मऊ राहिला की मुळांवर आणि खडकांवर तो पकड धरतो, टणक असला की चेंडूसारखा उडतो.

एवढे ब्रेक-ब्रेक का, असं वाटत असेल तर या खेळाच्या जन्माची गोष्ट ऐका. सत्तरच्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत काही तरुण जुन्या, अवजड सायकली घेऊन डोंगरावरच्या कच्च्या रस्त्यांनी खाली झेपावत. त्या सायकलींचा ब्रेक मागच्या चाकाच्या तुंब्यात असे, पेडल उलटं दाबलं की लागणारा. लांब उतारावर तो इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून धूर निघायचा, आणि प्रत्येक फेरीनंतर तुंबा उघडून नव्याने ग्रीस भरावं लागायचं. म्हणून 1976 मध्ये सुरू झालेल्या त्यांच्या शर्यतीचं नावच 'रीपॅक' पडलं. त्यातले गॅरी फिशर आणि जो ब्रीझ, शिवाय टॉम रिची यांनी पुढे खास डोंगरासाठी सायकली बांधल्या, आणि 1996 मध्ये अटलांटाला हा खेळ ऑलिंपिकमध्ये पोचला. ही गोष्ट लेकीला भयंकर आवडली. डिस्क ब्रेकची चकती उतारानंतर हात लावायची नसते, भाजते, हे तिला वेगळं समजवावं लागलं नाही.

आमच्याकडच्या डोंगरांचा स्वभाव वेगळा. व्हँकूव्हरच्या उत्तरेला फ्रोम, सीमोर आणि सायप्रस हे डोंगर, पावसाने कायम ओले, मुळांनी आणि खडकांनी भरलेले. चिखल चुकवायला तिथल्या लोकांनी लाकडी फळ्यांचे पूल बांधले आणि मग त्या पुलांवरून कसरती करण्याचाच एक प्रकार झाला, 'नॉर्थ शोर' नावाने जगभर ओळखला जाणारा. या वाटांची निगा बऱ्याच अंशी स्वयंसेवक राखतात. शनिवारी सकाळी फावडी घेऊन जंगलात माती ओढणारी माणसं बघितली की मला फार कौतुक वाटतं.

वाटांना रंग असतात, बर्फावरच्या स्कीइंगसारखे. हिरवा गोल सोपा, निळा चौकोन मध्यम, काळा हिरा अवघड, दोन काळे हिरे म्हणजे जाणत्यांनीच जावं. कॅम्पच्या आधी मुलाला या पाट्या वाचता आल्या पाहिजेत. शिवाय हे रंग त्या त्या जागेपुरते असतात, हेही सांगायचं. एका डोंगरावर निळी वाट जमली म्हणून दुसऱ्यावरची जमेलच असं नाही. नॉर्थ शोरची निळी वाट भल्याभल्यांना पाणी पाजते.

आता सगळ्यांत अवघड तयारी. ती सामानाच्या यादीत कुठेच नसते.

आपल्या घरांत मुलांना शिकवण असते की सरांनी सांगितलं ते करायचं, उलट बोलायचं नाही. इथे कॅम्पचा प्रशिक्षक वीस-बावीस वर्षांचा, त्याला नावाने हाक मारायची, आणि त्याची अपेक्षा अशी की भीती वाटली तर मुलाने सरळ सांगावं, "मी इथे उतरून चालत जाणार." त्याला ते समजतं, तो हसत नाही, किंबहुना नवीन अवघड जागा आली की सगळ्यांना थांबवून आधी पायी नेऊन दाखवायची पद्धतच आहे. पण आमच्या घरच्या वळणाची मुलगी गप्प बसते. सर म्हणाले आहेत म्हणजे करायचं, बाकीचे करताहेत म्हणजे मागे राहायचं नाही. डोंगरावर हे आज्ञाधारकपण धोक्याचं आहे. अर्धवट मनाने, ब्रेक आवळून, अंग आखडून गेलेलं मूलच सगळ्यांत जास्त पडतं. कड्याच्या टोकावर विचार बदलणं हे तर आणखी वाईट.

त्यामुळे आम्ही 'नाही' म्हणायचा सराव केला, तोही मोठ्याने आणि इंग्रजीत, कारण ऐन वेळी तिला ज्या भाषेत बोलायचं आहे त्याच भाषेत वाक्य तोंडात बसलेलं हवं. मी प्रशिक्षक व्हायचे आणि आग्रह करायचे. सुरुवातीला ती हसून सुटायची. मग हळूहळू तिचा आवाज ठाम झाला. एकदा तर तिने ते वाक्य माझ्यावरच वापरलं, भांडी आवरायला सांगितल्यावर. चालायचंच.

त्याच्याच पोटातली दुसरी गोष्ट म्हणजे दुखलं तर सांगणं. पडल्यावर "काही नाही झालं" म्हणून उठणारी मुलं आपल्याला शूर वाटतात. डोक्याला मार बसल्यावर डोकेदुखी, मळमळ, गरगरणं, विचित्र झोप, गोंधळ यातलं काहीही जाणवलं तर त्या दिवसाचं सायकलिंग संपलं, डॉक्टरांकडे जायचं, हा नियम तिला तोंडपाठ आहे. हेल्मेटलाही तोच न्याय. आतला फोम एकदा दबला की पुन्हा काम करत नाही, बाहेरून चकचकीत दिसला तरी. मोठा मार बसलेलं हेल्मेट फेकायचं. वापरलेली सायकल चालते, वापरलेलं हेल्मेट कधीच नाही. ते भुवयांच्या वर दोन बोटं, पट्टे कानाखाली मिळणारे, आणि हनुवटीखाली जेमतेम एक बोट जाईल इतकं घट्ट हवं. कपाळ उघडं ठेवून मागे सरकवलेलं हेल्मेट ही केवळ शोभा. जिथे लिफ्टने वर जाऊन खाली उतरायचं असतं, उदाहरणार्थ व्हिसलरच्या बाइक पार्कात, तिथे जबडा झाकणारं हेल्मेट लागतं. कॅम्पची यादी नीट वाचून घ्यावी.

गुडघ्यांची पॅड, पूर्ण बोटांचे हातमोजे आणि सपाट, जाड तळव्याचे बूट. नाड्या आत खोचलेल्या, नाही तर चेनमध्ये जातात. पाण्याची पाठपिशवी, खाऊ, एक जादा ट्यूब. दहा वर्षांच्या मुलाने पंक्चर काढावं अशी कुणाची अपेक्षा नसते, पण उतरलेली चेन स्वतः बसवता यावी. चाक काढलेलं असताना ब्रेक दाबायचा नाही, हेही. आतले पॅड एकमेकांना चिकटतात आणि चाक परत बसत नाही. मग प्रशिक्षकाचा अर्धा तास जातो आणि बाकीची मुलं डास मारत उभी.

फॉर्म मात्र ढीगभर. ॲलर्जी, औषधं, आरोग्य कार्डाचा नंबर, कोण घ्यायला येणार, आणि 'धोक्याची जाणीव आहे' यावर सही. ती करताना माझा हात अडखळला. नंतर वाचनात आलं की मुलाच्या वतीने आईबापांनी दावा करण्याचा हक्क सोडून दिला तरी तो मुलावर बंधनकारक नाही, असा निकाल ब्रिटिश कोलंबियाच्या सुप्रीम कोर्टाने 2009 मध्ये दिला आहे. तरीही कागद भरून घेतातच, आणि एका परीने बरंच, कारण त्या निमित्ताने तो धोका आपण एकदा शांतपणे वाचतो.

अस्वलांचं विचाराल तर हो, आहेत. काळी अस्वलं. जंगलात गप्प राहायचं नाही, गटाने बोलत जायचं आणि दिसलंच तर पळत सुटायचं नाही. आजीला हे आम्ही सांगितलेलं नाही. मला काळजी अस्वलांपेक्षा धुराची. वणवे पेटले की उन्हाळ्यात इथली हवा दिवसेंदिवस पिवळट होते. हवेचा एक निर्देशांक असतो, तो सातला पोचला की जास्त धोका. दम्याचा त्रास असलेल्या मुलांनी तर त्याआधीच घरात बसावं. त्या आठवड्यासाठी पैसे परत मिळणार की नाही हे आधी विचारून ठेवलं आहे.

सोमवारी साडेआठला तिला डोंगराच्या पायथ्याशी सोडायचं आहे. काल तिने स्वतः सायकलचे नट तपासले, हवा पाहिली, चेनला तेल दिलं आणि मग आम्हाला अटी घातल्या. आई फोटो काढणार नाही. बाबा गाडीतून उतरणार नाही. आणि उताराकडे बघून "हळू, हळू" असं ओरडणार तर मुळीच नाही.