ऑर्डरची चित्रं आणि मामाचा डांगी बैल

एडिंबराला राहायला आल्यापासून मी माणसांपेक्षा कुत्री जास्त काढली आहेत. मांजरं आहेत, घोडे आहेत, एक म्हातारा पोपटही आहे, पण कुत्रीच जास्त. नाशिकला फोन केला की आत्या हमखास विचारते, "अजून कुत्रीच काढतेस का गं?" तिच्या विचारण्यात टोमणा नसतो, काळजी असते. पाच वर्षं चित्रकला शिकलेल्या मुलीनं लोकांच्या पाळीव जनावरांची चित्रं काढून पैसे मिळवावेत, हे तिला कुठेतरी खटकतं. हे लिहायला बसले ते तिच्यासाठी, आणि तिच्यासारखं वाटणाऱ्या बाकीच्यांसाठीही.

चित्रकार शिवाजी तुपे यांचे जलरंग पाहत पाहत आमच्यासारखी नाशिकची कितीतरी मुलं गोदाघाट बघायला शिकली. रविवारी सकाळी गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या घाटावर जायचं, नारोशंकराच्या देवळासमोर जागा धरायची, आणि ऊन चढायच्या आत चित्र संपवायचं. आमच्या लेखी खरं चित्र ते. 'ऑर्डर' म्हणजे शाळेच्या हॉलसाठी महापुरुष, किंवा पासपोर्ट फोटोवरून कुणाच्या तरी आजोबांचं तैलचित्र. फी भरायला सगळेच ते करायचे आणि त्याखाली सही करताना जरा बिचकायचे. तो बिचकणारा हात घेऊनच मी इथे आले.

इथे आल्यावर दिसलं की जनावराचं ऑर्डरचं चित्र हा चित्रकलेच्या इतिहासाचा चांगला जाडजूड तुकडा आहे. एडविन लँडसीअरनं व्हिक्टोरिया राणीची कुत्री काढली. त्याचं मोठ्या शिंगांच्या हरणाचं प्रसिद्ध चित्र इथेच, एडिंबराच्या नॅशनल गॅलरीत आहे. जॉर्ज स्टब्जनं 1762 च्या सुमारास एका सरदारासाठी काढलेला 'व्हिसलजॅकेट' हा घोडा लंडनला आहे, जवळजवळ खऱ्या घोड्याएवढा. मागे काहीच नाही, ना झाड, ना आकाश, फक्त घोडा. आणि इतकं लांब तरी कशाला जायचं? जहांगीर बादशहानं आपल्या दरबारी चित्रकाराकडून, उस्ताद मन्सूरकडून, जनावरं आणि पक्षी काढून घेतलेच की. मन्सूरचा 1621 चा झेब्रा लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियममध्ये आहे. तोही ऑर्डरचाच. बादशहाला सगळे झेब्रे कसे असतात हे नको होतं, आपल्याकडे आलेला तो एक कसा आहे ते हवं होतं.

माझ्या कामाची सगळी मेख इथेच आहे. लॅब्रेडॉर काढणं अवघड नाही. ह्या घरातला लॅब्रेडॉर काढणं अवघड आहे.

इथल्याच, एडिंबराच्या लीथ भागातल्या एका आजींचं उदाहरण सांगते. त्यांचा काळा लॅब्रेडॉर गेला होता. पिल्लू असल्यापासूनचे फोटो त्यांनी दिले, एक भरलेली पिशवीच. तरुणपणीचा चकचकीत काढू का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, नाही, शेवटचा. तोंडाभोवती पांढरं झालेला, एका डोळ्यात जरा धुकं आलेला. मी कच्चं रेखाटन दाखवलं तेव्हा त्यांनी खूप वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "डावा कान खाली हवा. दारात कुणी आलं तरच तो वर जायचा." मी सगळे फोटो पुन्हा पसरले. खरंच होतं. फोटोत कान वर होता, कारण फोटो काढणाऱ्यानं हाक मारली होती. अशी दुरुस्ती कुठला समीक्षक सांगेल? ज्याच्या घरात ते जनावर बारा-चौदा वर्षं वावरलं, तोच सांगणार. आणि त्याच्यापुढे खोटं खपत नाही.

आता थोडं हाताचं. काळं कुत्रं काळ्या रंगानं काढलं की कोळशाचा ढिगारा होतो. मी अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट अंबर हा गडद तपकिरी मिसळून काळा करते, म्हणजे तो हवा तिथे थंड आणि हवा तिथे उबदार ठेवता येतो. इथलं आकाश बहुतेक दिवस ढगाळ. त्यामुळे काळ्या पाठीवर निळसर करडी झाक बसते. तेच कुत्रं नाशिकच्या एप्रिलमध्ये उन्हात उभं करा, केसांच्या टोकांना तांबूस तपकिरी दिसेल. केस काढायचे ते उगवतात त्या दिशेनं. नाकावर अगदी आखूड, तिथून कपाळाकडे आणि गालांकडे वळत जाणारे, छातीवर भोवरा. दिशा चुकली की कुत्रं ओलं किंवा आजारी दिसतं. डोळे मी सगळ्यात आधी करते. त्यातला प्रकाशाचा ठिपका म्हणजे समोरची खिडकी असते, म्हणून तो ठिपका आणि अंगावरची सावली यांचं जुळलं पाहिजे. मालकांना ते कळत नाही असं वाटतं, पण नाही जुळलं तर "काहीतरी राहिलंय" असं ते बरोबर म्हणतात.

रंगांच्या बाबतीत मी अजिबात तडजोड करत नाही. अलिझरिन क्रिमझनसारखे काही सुंदर रंग उजेडात उडतात. कुत्र्याच्या जिभेला तो लाल फार मोहक दिसतो, पण भिंतीवर लागलेल्या चित्रातली जीभ काही वर्षांत फिकट पडली तर त्या घराला काय वाटेल? म्हणून क्विनाक्रिडोनचे टिकाऊ लाल वापरते, महाग पडले तरी.

आता बैल. मागच्या हिवाळ्यात नाशिकला आले होते तेव्हा घोटीजवळ मामाकडे गेले. मामाची भातशेती. ट्रॅक्टर आला तरी त्यानं एक डांगी जोडी ठेवली आहे. डांगी ही आपल्या इगतपुरी-अकोले पट्ट्यातली जात. पांढऱ्या अंगावर काळे किंवा तांबडे ठिपके-पट्टे, आणि कातडीवर तेलकट थर, ज्यामुळे तिथल्या धो धो पावसातही अंगावर पाणी टिकत नाही. मी मामाला म्हटलं, "तुझ्या बैलाचं चित्र काढते. पोळ्याचा फोटो दे." मनात सगळं तयार होतं: शिंगांना हिंगूळ, बेगड, गळ्यात घुंगुरमाळ, पाठीवर झूल. मामा म्हणाला, "पोळ्याला काय, सगळेच बैल नवरदेव. औतावरनं सुटल्यावर हा कसा उभा राहतो, तसा काढ."

एडिंबराच्या आजींनी जे सांगितलं तेच, फक्त घोटीच्या बोलीत.

मग मी गोठ्याच्या दाराशी बसून राहिले. काम आटोपून बैल आला की मागचा एक पाय सैल सोडायचा, मान किंचित खाली, कान मागे. मानेवर जू बसतं तिथे घट्टा पडलेला, तिथले केस गेलेले, कातडी राखाडी आणि जाड. तो घट्टा मी आधी हलक्या हातानं सुचवला होता. मामानं बोट ठेवून सांगितलं की एवढा नाही, याच्याहून मोठा. वशिंडाची उतरणही त्यानं दोनदा बदलायला लावली. गळ्याखालची पोळी मात्र पहिल्या झटक्यात पसंत पडली. त्या तेलकट कातडीवर पांढरा कुठेच नुसता पांढरा नव्हता. वरून आकाशाचा निळा, पोटाखाली तांबड्या मातीचा उजेड. जलरंगात पांढरा म्हणजे कोरा ठेवलेला कागद, हे गंगेवर शिकलेलं सगळं तिथे उपयोगी पडलं. गोदाघाटाच्या पायऱ्यांवरचं ऊन जसं राखायचं, तसंच बैलाच्या पाठीवरचं राखलं. मामी चहा घेऊन आली, चित्राकडे पाहून म्हणाली, "दमलाय गं तो." मला याहून मोठी दाद नको होती.

तेव्हापासून नाशिकहून बरेच जण विचारतात, म्हणून व्यवहाराचंही सांगून टाकते. फोटो जनावराच्या डोळ्यांच्या पातळीवर बसून काढा, उभ्यानं वरून नको. मोबाइल तोंडाजवळ नेलात तर नाक भलं मोठं येतं, म्हणून दोन पावलं मागे सरका आणि झूम करा. खिडकीचा किंवा दाराचा उजेड घ्या, फ्लॅश नको. कुत्र्या-मांजरांच्या डोळ्यांत पडद्यामागे उजेड परतवणारा थर असतो, त्यामुळे फ्लॅशमध्ये डोळे हिरवे चमकतात आणि खरा रंग कळत नाही. व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर केसांचा सगळा तपशील गळून जातो. पंचवटीतल्या एका ओळखीच्या काकूंकडे त्यांच्या गल्लीतल्या कुत्रीचा एकच फोटो होता, तोही फॉरवर्ड होऊन होऊन पुसट झालेला. शेवटी त्यांच्याकडच्या वाढदिवसाच्या एका व्हिडिओत ती मागून चालत जाताना सापडली, आणि शेपटीचा वळसा मिळाला. तेव्हा व्हिडिओही शोधा.

निम्मे पैसे आधी, निम्मे चित्र पसंत पडल्यावर, हा नियम इथेही आणि तिकडेही. इथे अशा स्वतंत्र कामातून वर्षाला हजार पाउंडांपेक्षा जास्त मिळाले की कर खात्याकडे नोंदणी करावी लागते. इकडे येऊन असं काही सुरू करणाऱ्या मुलामुलींनी पहिल्या ऑर्डरपासून वहीत हिशोब ठेवावा. नाशिकला चित्र लावताना काच थेट कागदाला चिकटू देऊ नका, मध्ये माउंट, म्हणजे जाड पुठ्ठ्याची चौकट घाला. पावसाळ्यात काचेला चिकटलेल्या कागदावर बुरशी धरते.

आणि एक गोष्ट आमच्या चित्रकारांनाही फारशी ठाऊक नसते. ब्रिटनमध्ये 1988 च्या कायद्यानं ऑर्डरच्या चित्राचा कॉपीराइट चित्रकाराकडेच राहतो, वेगळा करार नसेल तर. आपल्याकडे 1957 च्या कायद्याचं कलम 17 उलट सांगतं: पैसे देऊन काढून घेतलेल्या चित्राचा पहिला हक्कदार ऑर्डर देणारा, वेगळं ठरलेलं नसेल तर. म्हणून मी दोन्हीकडे आधी चार ओळी लिहून घेते. छापायचं असेल तर कोणी, कुठे, किती. इथल्या आजींना त्यांच्या कुत्र्याची नाताळाची कार्डं छापायची होती, मी आनंदानं हो म्हटलं आणि तसं लिहून दिलं.

मामाशी लेखी काही केलं नाही. त्यानं निघताना हातावर पैसे ठेवले, मी नको नको म्हणत असताना ठेवले, म्हणजे माझ्या लेखी त्या चित्रावर हक्क त्याचाच. आता तो ते चित्र इंद्रायणी तांदळाच्या पिशव्यांवर छापणार आहे. जोडीतल्या दुसऱ्या बैलाची ऑर्डरही पक्की झाली आहे, आणि मामेबहिणीला मी फोटो कसे काढायचे ते सांगून ठेवलंय: संध्याकाळी, औत सुटल्यावर, गोठ्याच्या दारात, खाली बसून.