पावसात ट्रक रुसला
कात्रजला नुसती रिपरिप चाललीये आणि आमचा जुना ट्रक सकाळी फक्त टक टक, सेल्फ (इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर) काही फिरेना. मार्केट यार्डात माल पोचवायचा होता, त्याची बोंब झालीच. जमलेले सगळे लगेच मिस्त्री झाले, एक जण म्हणे स्पार्क प्लग ओले झालेत, डिस्ट्रिब्युटर कॅप पुसा. अहो काका, डिझेल गाडी आहे ही, हिला स्पार्कच नसतो, हवा दाबून एवढी गरम होते की डिझेल आपोआप पेटतं! ते दुखणं पेट्रोलवाल्यांचं.

बॅटरी १२.६ व्होल्ट, म्हणजे चार्ज फुल. मग वायरमनने भारी केलं, मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी इंजिन ब्लॉकला आणि म्हणाला दादा मारा सेल्फ. वाटेत वाया जाणारं व्होल्टेज अर्ध्या व्होल्टच्या आत पाहिजे तिथं दोनच्या वर! अर्थिंगची पट्टी (करंट बॅटरीच्या निगेटिव्हला परत नेणारी) चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, बसते तिथं सगळा गंज, दमट हवेत हाच वाढतो, आणि सेल्फला शेकड्यांनी अँपिअर लागतात ते जाणार कुठून. घासलं, बोल्ट आवळला, वरून ग्रीस, फिरला की सेल्फ.

तरी इंजिन पकडेना. डिझेल फिल्टरचा खालचा ड्रेन स्क्रू ढिला केला तर आधी पाणीच आलं, टाकी अर्धी ठेवली की आतली वाफ रात्री पत्र्याला जमते आणि पाणी जड म्हणून तळाला बसतं. हँडपंपने डिझेलच्या लाईनमध्ये शिरलेली एअर काढली आणि धूर सोडत चालू! नवीन बॅटरी घ्या म्हणून मागे लागलेल्यांनी आता चहा पाजायला हरकत नाही 😄